कौन्सिलचे मेजर वर्क्सचे बिल: लीजहोल्डरने हरकत कशी घ्यावी

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) इमारतीत लीजवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, फ्लॅट घेतलेल्या कुटुंबाला (लीजहोल्डरला) छप्पर, खिडक्या किंवा लिफ्टच्या मोठ्या कामापोटी (मेजर वर्क्स) दहा-वीस हजार पौंडांची मागणी येते, तेव्हा संतापाच्या भरात फोनाफोनी होते, शेजाऱ्यांशी बोलणे होते आणि हरकतीची मोलाची मुदत मात्र कधीच उलटून गेलेली असते. बिलाच्या बरेच आधी, कामाची पहिली नोटीस दारात पडते त्याच दिवशी हे प्रकरण सुरू झालेले असते. म्हणून ती नोटीस बाजूला ठेवू नका आणि तिच्यावर मिळाल्याची तारीख लगेच लिहून ठेवा.

लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट, १९८५ च्या कलम २० नुसार एखाद्या कामापोटी कोणाही एका लीजहोल्डरकडून २५० पौंडांहून अधिक रक्कम घ्यायची असेल, तर घरमालकाने, म्हणजे येथे कौन्सिलने, आधी कन्सल्टेशन (लीजहोल्डरांशी सल्लामसलत) केले पाहिजे. त्याची पद्धत २००३ च्या नियमांत घालून दिलेली आहे. साध्या प्रकारात दोन टप्पे असतात. पहिल्या नोटिशीत काम कोणते आणि का करायचे ते सांगून ३० दिवसांत लेखी म्हणणे मागवले जाते आणि लीजहोल्डरला कंत्राटदाराचे नाव सुचवता येते. त्यानंतर किमान दोन अंदाजपत्रके समोर ठेवून पुन्हा ३० दिवस द्यावे लागतात, आणि त्यांतील एक तरी घरमालकाशी संबंध नसलेल्या कंत्राटदाराचे असावे लागते. कौन्सिलांचे काम मात्र पुष्कळदा आधीच केलेल्या दीर्घ मुदतीच्या कंत्राटाखाली निघते. तसे असेल तर नोटीस एकच येते, कंत्राटदार सुचवण्याचा हक्क राहत नाही आणि आपल्या म्हणण्याला कौन्सिलने २१ दिवसांत लेखी उत्तर द्यायचे असते. आपली नोटीस यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे सर्वांत आधी पाहा. दीर्घ कंत्राटाची असेल, तर त्या मूळ कंत्राटाचे कन्सल्टेशन केव्हा झाले आणि त्या वेळच्या लीजहोल्डरांना नोटिसा गेल्या होत्या का, हेही विचारून घ्या.

त्या ३० दिवसांत लिहायच्या पत्रात ‘हे फार महाग आहे’ एवढेच लिहून भागत नाही. उत्तर द्यावेच लागेल असे नेमके प्रश्न विचारा. आमच्या चार मजली ब्लॉकच्या नोटिशीत ‘छप्पर बदलणे’ आणि ‘परांची’ अशा दोनच ओळी होत्या. आम्ही सात जणांनी मिळून तीन प्रश्न पाठवले: छपराची पाहणी कोणी व कोणत्या तारखेला केली आणि तिचा अहवाल कुठे आहे, डागडुजी करून छप्पर अजून किती वर्षे टिकले असते, आणि परांची किती आठवड्यांसाठी धरली आहे. परांची २६ आठवड्यांची धरली होती, हे त्या उत्तरामुळेच कळले. काम सुरू झाल्यावर शेजारच्या आजींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दर सोमवारी एक फोटो काढून ठेवला. सलग नऊ आठवडे त्या फोटोंत परांची उभी दिसत होती आणि तिच्यावर माणूस नव्हता. बिल आल्यावर कौन्सिलने कमी केलेली पहिली रक्कम परांचीचीच होती.

आता लीज काढून नीट वाचा, कारण लीजमध्ये जे घेता येते तेवढेच कौन्सिलला मागता येते. बहुतेक लीजमध्ये दुरुस्तीचा खर्च असतो, सुधारणेचा खर्च कधी असतो, कधी नसतो. १९८५ च्या त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे खर्च वाजवी आणि कामाचा दर्जाही वाजवी असला पाहिजे. सुधारणेच्या बाबतीत हाउन्स्लो कौन्सिलच्या एका इस्टेटचे प्रकरण मार्गदर्शक आहे. तेथे लाकडी चौकटीच्या खिडक्यांच्या जागी धातूच्या चौकटी बसवल्या गेल्या, त्यामुळे बाहेरचे क्लॅडिंगही (भिंतींवरचे आवरण) बदलावे लागले आणि एका लीजहोल्डरला सुमारे ५५ हजार पौंडांचे बिल आले. करावीच लागणारी दुरुस्ती आणि ऐच्छिक सुधारणा यांत फरक आहे, आणि सुधारणा करताना लीजहोल्डरांचे म्हणणे व त्यांच्यावर पडणारा आर्थिक भार घरमालकाने विचारात घेतला पाहिजे, असे कोर्ट ऑफ अपीलने २०१७ मध्ये सांगितले. म्हणून पगार, पेन्शन, घरातील आजारपण यांचा भार पहिल्याच पत्रात लिहावा. ते लिहिण्यात कमीपणा नाही, तो आपल्या बाजूचा पुरावा आहे.

राइट टू बाय योजनेत (कौन्सिलच्या भाडेकरूला राहते घर विकत घेऊ देणारी योजना) फ्लॅट घेऊन पाच वर्षे झाली नसतील, तर खरेदीपूर्वी मिळालेली हाउसिंग ॲक्ट, १९८५ च्या कलम १२५ ची नोटीस शोधून काढा. त्या सुरुवातीच्या काळात तिच्यात दाखवलेल्या अंदाजापलीकडे, महागाईची वाढ सोडता, रक्कम मागता येत नाही. कामाला सरकारी अनुदान मिळाले आहे का, हेही विचारा. ‘फ्लोरीज लॉ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१४ च्या निर्देशांप्रमाणे अनुदानित कामांसाठी पाच वर्षांत लंडनमध्ये १५,००० आणि लंडनबाहेर १०,००० पौंडांची मर्यादा आहे. काम धोकादायक क्लॅडिंगचे असेल, तर बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट, २०२२ चे संरक्षण आपल्या लीजला लागू होते का, ते स्वतंत्रपणे तपासावे.

बिल हातात आल्यावर आधी तारखा पाहाव्यात. मागणीच्या आधी १८ महिन्यांहून जुना खर्च, त्याची लेखी सूचना त्या मुदतीत दिली नसेल तर, वसूल करता येत नाही. मागणीसोबत लीजहोल्डरच्या हक्कांचे ठरावीक पत्रक नसेल, तर ते मिळेपर्यंत रक्कम रोखून धरता येते. आपला हिस्सा लीजमधील सूत्राप्रमाणेच काढला आहे का, याची बेरीज स्वतः करून पाहा. नंतर खर्चाचा गोषवारा लेखी मागा, आणि तो मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मूळ बिले, मोजमापे आणि पावत्या पाहण्याची मागणी करा. ही कागदपत्रे न देणे खासगी घरमालकाच्या बाबतीत गुन्हा ठरतो, पण कौन्सिलला ते कलम लागू नाही, त्यामुळे येथे चिकाटीच कामी येते. प्रत्येक स्मरणपत्र ईमेलने पाठवा आणि आधीच्या पत्राची तारीख त्यात नमूद करा.

कन्सल्टेशनमध्ये चूक सापडली की आता २५० पौंडच द्यायचे, असे अनेकांना वाटते. तसे गृहीत धरू नये. घरमालक ट्रायब्युनलकडे (अशा वादांचे न्यायाधिकरण) कन्सल्टेशनच्या अटींतून सूट मागू शकतो, आणि २०१३ च्या डेजान (Daejan) विरुद्ध बेन्सन या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की चुकीमुळे लीजहोल्डरचे प्रत्यक्ष काय नुकसान झाले, हा मुख्य प्रश्न आहे. वेळेवर नोटीस मिळाली असती तर आम्ही अमुक कंत्राटदार सुचवला असता, त्याचा दर इतका होता, हे कागदावर दाखवता आले पाहिजे. एखाद्या स्वतंत्र सर्व्हेयरचा छोटा अहवाल सर्वांनी मिळून घेतला, तर माझ्या मते तो खर्च सर्वांत सार्थकी लागतो.

वाद चालू असताना वादात नसलेली रक्कम भरून टाकावी आणि उरलेली का रोखली ते कळवावे. सर्वच भरावे लागले, तरी नुसते पैसे भरल्याने बिल मान्य केले असे कायदा धरत नाही. मात्र ‘हरकत राखून भरत आहे’ असे लिहून द्यावे. हप्त्यांची सोय बहुतेक कौन्सिलांकडे असते, ती लेखी मागा. पत्रव्यवहारातील दिरंगाई किंवा न मिळालेल्या उत्तरांबद्दल कौन्सिलकडे दोन टप्प्यांत तक्रार करता येते, पहिल्याला १० आणि दुसऱ्याला २० कामकाजाचे दिवस असतात, आणि त्यानंतर हाउसिंग ओम्बड्समनकडे (घरांविषयीच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) जाता येते. रक्कम वाजवी आहे की नाही, हे मात्र फर्स्ट-टियर ट्रायब्युनलची प्रॉपर्टी चेंबर लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम २७ए खाली ठरवते.

अर्ज करतानाच कलम २०सी खाली आणखी एक मागणी जोडायला विसरू नका, ती म्हणजे कौन्सिलचा खटल्याचा खर्च पुढच्या सर्व्हिस चार्जमध्ये (लीजहोल्डरकडून घेतला जाणारा देखभालीचा खर्च) आपल्यावर टाकला जाऊ नये. हा अर्ज राहून गेल्यामुळे जिंकलेले पैसे दुसऱ्या वाटेने परत गेल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत. मग वादातील बाबींचा तक्ता तयार करा: बाब, मागितलेली रक्कम, आपली हरकत, आपल्या मते योग्य रक्कम, आणि पुराव्याचा पान क्रमांक. ‘परांची, नऊ आठवडे रिकामी, फोटो १ ते ९’ अशी एक ओळ पानभर तक्रारीपेक्षा जास्त वजनदार ठरते. अर्जापूर्वी सरकारी निधीवर चालणाऱ्या लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसचा मोफत सल्ला घ्या, आणि हाच तक्ता सुनावणीच्या आधी कौन्सिललाही पाठवा. तडजोड झालीच, तर बिलाचा क्रमांक आणि कमी झालेली रक्कम तिच्यात लिहून घेतल्याशिवाय अर्ज मागे घेऊ नका.