दोघांच्या मधून निसटणारा फोकस
खिशात मावणारा फिल्म कॅमेरा घेऊन मंगेशीला गेलात आणि दीपस्तंभासमोर आई-बाबांना शेजारी-शेजारी उभं केलंत, तर लगेच बटण दाबू नका. बहुतेक ऑटोफोकस कॉम्पॅक्ट कॅमेरे चौकटीच्या मध्यभागी जे असेल त्यावरच फोकस धरतात. तिथे दोघांच्या मधली फट आली, की मागचा दीपस्तंभ लख्ख आणि माणसं पुसट. म्हणून मधली खूण आधी आईच्या चेहऱ्यावर आणा आणि बटण अर्धंच दाबून धरा. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, शेजारचा दिवा स्थिर झाला, की बोट न उचलता कॅमेरा हवा तसा वळवा, मग पूर्ण दाबा. मध्येच बोट उचललं तर सगळं पहिल्यापासून. फिल्म धुऊन येईपर्यंत चूक कळत नाही, म्हणून ही सवय हाताला लागलेलीच बरी.

मिरामारच्या वाळूवर सूर्य समोरच्या माणसांच्या पाठीशी असेल तर चेहरे काळे पडतात. ऑटोवर ठेवलेला फ्लॅश भर उजेडात बहुधा पेटत नाही, तो मुद्दाम चालू करा आणि दोनेक मीटरवर उभे राहा. शिगम्याच्या रात्री मात्र लांबच्या चित्ररथावर फ्लॅश वाया जातो. ४०० आयएसओची (आयएसओ जास्त तितकी फिल्म कमी उजेडात चालते) फिल्म घातलीत, तर १०० आयएसओच्या मानाने तो दुप्पट अंतर गाठतो. रात्रीसाठी मी तीच घालते.

पावसाळ्यात एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा थोडा वेळ बंद पिशवीतच राहू द्या. नाहीतर बाहेरच्या दमट हवेने लेन्सवर वाफ धरते.