कोकणातील गुहांत उतरताना या चुका टाळा

आमच्या क्लबमध्ये नव्याने येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मेघालयातील गुहांची छायाचित्रे पाहिलेली असतात. तेथील क्रेम लियात प्राह ही चुनखडीतील गुहा तीस किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि भारतात गुहांविषयी जे काही वाचायला मिळते, त्यातील बरेचसे चुनखडीला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेले असते. कोकणातील गुहांची जात वेगळी आहे. येथे सड्यावरील, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरील, जांभ्याखाली पाण्याने पोखरलेली भुयारे आहेत, काळ्या पाषाणातील कपारी आहेत, समुद्राने कड्यांत कोरलेल्या गुहा आहेत आणि माणसाने खोदलेली लेणीही आहेत. इतरत्र शिकलेले नियम येथे जसेच्या तसे लावणे, हीच मला सर्वांत मोठी चूक वाटते आणि पुढच्या बऱ्याचशा चुका तिच्यातूनच निघतात.

जांभ्याला पक्का खडक समजणे

जांभा वरून कितीही टणक दिसला, तरी तो काळ्या पाषाणाची लाखो वर्षे झीज होऊन तयार झालेला, लोह आणि ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असा सच्छिद्र दगड आहे. उघड्यावर आलेला थर ऊन-वाऱ्याने कठीण होतो. म्हणूनच खाणीतून चिरा काढताना तो तुलनेने मऊ असतो आणि घराच्या भिंतीत बसल्यावर वर्षानुवर्षे टिकतो. या कठीण कवचाखाली मात्र मऊ चिकणमाती असते. पावसाचे पाणी भेगांतून खाली झिरपते, ही माती हळूहळू वाहून नेते आणि कवचाखाली पोकळी उरते. सड्याखालची बहुतेक भुयारे अशीच घडलेली असल्यामुळे त्यांचे छत कठीण आणि भिंती कच्च्या असतात.

राजापूर तालुक्यातील एका भुयारात आमच्या एका सहकाऱ्याने तोल सावरण्यासाठी भिंतीवर हात टेकला, तेव्हा नारळाएवढा ढेकूळ त्याच्या हातात आला. आतून ती माती गुलाबी-पांढरी, ओलसर आणि बोटाने दाबली जाईल इतकी मऊ होती. अशा भिंतीत खिळा ठोकून दोर बांधणे म्हणजे दोर नसल्यासारखेच आहे. दोर नेहमी बाहेरच्या मोठ्या, मुळे धरलेल्या झाडाला किंवा हलत नाही अशी खात्री केलेल्या मोठ्या शिळेला बांधावा आणि त्याला दुसरा स्वतंत्र आधारही द्यावा. छताला धक्का लागेल अशी हालचाल करू नये, हेल्मेट एका क्षणासाठीही काढू नये आणि जमिनीवर ताज्या, धारदार कडांचे दगड पडलेले दिसले, तर तेथून परत फिरावे. भुयाराच्या वरच्या सड्यावर गाड्या उभ्या करण्याची सवयही सोडावी, कारण खालच्या छताची जाडी किती आहे हे वरून कळत नाही.

पाऊस थांबला म्हणजे पाणी थांबले असे मानणे

जून ते सप्टेंबर या काळात कोणत्याही भुयारात उतरू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक पाण्यामुळे अडकले आणि १० जुलैपर्यंत सुटका चालली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. प्रश्न ऑक्टोबरचा आहे. परतीच्या पावसाची एक सर सड्यावर पडली, तरी उतारावरचे पाणी भेगांतून थेट खाली येते. वर सांगितलेल्या भुयारातच, डिसेंबरच्या कोरड्या दिवशी, मी दिवा वर केला तेव्हा माझ्या डोक्यापेक्षाही उंचावरच्या भेगेत आंब्याची सुकलेली पाने आणि गवताच्या काड्या घट्ट अडकलेल्या दिसल्या. पाणी कोठपर्यंत चढते हे गुहा स्वतःच असे सांगत असते. गुहेत शिरताच ही खूण शोधावी, आणि आकाशात ढग असतील तर त्या दिवशीचा बेत रद्द करावा.

भरतीची वेळ न काढता समुद्रगुहेत जाणे

आपल्या किनाऱ्यावरील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. हा हिशोब आजही उपयोगी आहे, पण तो पुरता समजून घ्यावा लागतो. पौर्णिमा किंवा अमावास्येला १५ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी साधारण सहा तासांनी, सायंकाळी साडेपाचला. उधाण असल्यामुळे पाणी खूप मागे हटते, हे खरे. पण ते अंधार पडायच्या वेळी हटते आणि तेवढ्याच जोराने परत येते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी भर दुपारी बाराला येते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असल्यामुळे पाणी फारसे मागे जात नाही. म्हणून आम्ही द्वितीया ते चतुर्थी हे दिवस निवडतो. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास असते. उधाणाचा जोर टिकून असल्याने पाणी चांगले हटते आणि पुढे पूर्ण दिवस हाताशी राहतो.

गुहेत पाणी उतरत असताना शिरावे आणि ओहोटी पूर्ण होण्याच्या आधीच बाहेर पडायला लागावे. पाऊणपटीचा हिशोब अंदाजापुरताच धरावा, छापील किंवा अधिकृत भरतीपत्रकाशी तो पडताळून घ्यावा आणि त्या गावातील मासेमारी करणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. लाटांचा जोर पत्रकात नसतो.

मेणबत्तीवर विसंबणे

हवा चांगली आहे की नाही हे पाहण्यासाठी मेणबत्ती पेटवून पुढे धरण्याची पद्धत अजून चालू आहे. ज्योत विझते ती प्राणवायू साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरल्यावर. बाहेरच्या हवेत ०.०४ टक्क्यांच्या आसपास असणारा कार्बन डायऑक्साइड तोपर्यंत चार-पाच टक्क्यांवर गेलेला असू शकतो, आणि तीन टक्क्यांनाच श्वास जोरात चालू लागतो. म्हणजे ज्योत विझेपर्यंत आपण धोक्यात आलेले असतो. पालापाचोळा कुजलेल्या खोलगट भागात हा वायू साचतो. श्रम न करता धाप लागणे, डोके दुखणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे, यांतील एक जरी लक्षण एका जरी माणसात दिसले, तरी सर्वांनी त्याच क्षणी बाहेर पडावे. शक्य असल्यास वायूमापक यंत्र जवळ ठेवावे. कोणी खाली बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे धावत उतरू नये. विहिरीत उतरलेल्या एकाला वाचवायला गेलेला दुसराही गेल्याच्या घटना कोकणात अनेकदा घडल्या आहेत.

गुहा रिकामी आहे असे समजणे

वटवाघळांच्या वस्तीत गेल्यावर दिवा छताकडे रोखू नये, आवाज करू नये आणि पिल्ले असतील तर आत जाऊच नये. त्यांची विष्ठा वाळून उडते आणि फुप्फुसांचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो, म्हणून चांगला मुखपट्टा वापरावा. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांच्या २०२० साली घेतलेल्या नमुन्यांत निपाह विषाणूचा पुरावा मिळाला होता, हेही लक्षात ठेवावे. वेंगुर्ल्याजवळच्या खडकांवरील गुहेत पाकोळ्या लाळेने चिकटवलेली घरटी बांधतात आणि त्या घरट्यांची तस्करीही झालेली आहे. तेथे हौसेने जाणे टाळलेलेच बरे. गुहेच्या तोंडाशी आग्या मोहोळ असेल, तर बेत सोडून द्यावा. दगड उचलताना बोटे त्याच्याखाली घालू नयेत, कारण जांभ्याच्या सड्यावर फुरसे सर्वत्र असते.

तळाची माती उकरणे ही तितकीच गंभीर चूक आहे. गुहागर तालुक्यातील पालशेतजवळच्या आणि कणकवली तालुक्यातील कोळोशीच्या गुहेत पुरातत्त्वीय उत्खननात अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली आहेत. आपल्याला साधा वाटणारा थर अभ्यासकासाठी एकदाच वाचता येणारे पान असते. पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांसारख्या ठिकाणी तर पाहणे एवढाच आपला हक्क आहे.

उजेड आणि कपडे

प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे असावेत, त्यांतील एक हेल्मेटवर. मोबाइलचा दिवा त्यांत मोजू नये. कपड्यांबाबत परदेशी पुस्तके थंडीची भीती घालतात, पण आपल्याकडच्या दमट भुयारांत घामानेच माणूस थकतो, म्हणून पाणी जास्त न्यावे. अरुंद जागी कोणी अडकला, तर त्याला ओढू नये. त्याला श्वास सोडायला सांगावे, खिशातील वस्तू काढाव्यात आणि तो ज्या अंगाने शिरला त्याच अंगाने इंच इंच मागे घ्यावे.

गावाला न सांगता जाणे

बऱ्याच गुहा कोणत्या ना कोणत्या देवाच्या किंवा राखणदाराच्या मानल्या जातात. गुरवांना किंवा मानकऱ्यांना भेटून परवानगी घ्यावी, त्यांनी नारळ ठेवायला सांगितले तर ठेवावा आणि पादत्राणे काढायला सांगितलेल्या जागी ती काढावीत. भुयार थेट किल्ल्यापर्यंत जाते असे प्रत्येक गावात सांगतात. ते आदराने ऐकावे, पण त्यावर विसंबून पुढे सरकू नये.

किमान चार जण असावेत, म्हणजे एक जखमी झाला तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघे मदत आणायला जातात. आत जाण्यापूर्वी किती जण आहोत, कोठे जात आहोत आणि किती वाजता बाहेर येणार, हे गावातील एका माणसाला लिहून द्यावे. सड्यावर रेंज कोठे मिळते तेही त्याच्याकडूनच समजून घ्यावे. बाहेर आल्यावर सर्वांत आधी त्याला कळवावे. एकदा आम्ही वेळेत बाहेर आलो, पण सड्याच्या दुसऱ्या टोकाला फोटो काढत बसलो आणि कळवायचे राहून गेले. सात वाजता परत निघालो, तेव्हा गावातील आठ जण बॅटऱ्या, दोरखंड आणि पाण्याचा कॅन घेऊन चढ चढून वर येत होते. त्यांतील एका आजोबांच्या पायात चप्पलही नव्हती.