पोर्शे ९१७ ची प्रतिकृती : खोका उघडण्यापूर्वीची तयारी

मोटारीची प्रतिकृती पूर्ण झाल्यावर तिच्या तळपाटावर जी नावाची पट्टी लावायची असते, तिचा मजकूर सर्वांत आधी लिहून काढावा, आणि तो लिहून होईपर्यंत किटमधला एकही भाग कापू नये. नुसते 'पोर्शे ९१७' लिहून भागत नाही. 'पोर्शे ९१७ के, क्रमांक २३, पोर्शे साल्झबर्ग, ल माँ, १४ जून १९७०, दुपारी ४' एवढा मजकूर, म्हणजे आवृत्ती, गाडीचा क्रमांक, संघ, शर्यत, तारीख आणि वेळ, पट्टीवर यायला हवा. शर्यतीच्या गाडीला रस्त्यावरच्या गाडीसारखे ठरावीक रूप नसते. फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत शनिवारी दुपारी चार वाजता सुटलेली गाडी आणि रविवारी दुपारी चार वाजता विजयी होऊन थांबलेली गाडी यांच्यामध्ये चोवीस तासांचा पाऊस, तेल, ब्रेकची काजळी आणि मेलेले किडे असतात. रंग, डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे आणि आकडे), धूळ, टायरची झीज यांविषयीचे पुढचे सगळे निर्णय या पट्टीवरून ठरतात. पट्टी मोघम असेल तर प्रत्येक निर्णयही मोघमच होतो.

हे उदाहरण मुद्दाम ९१७ चे घेतले आहे, कारण या एका नावाखाली इतकी वेगवेगळी रूपे आहेत की अनुभवी माणूसही गोंधळतो. शर्यतीत उतरण्यासाठी पाच लिटरपर्यंतच्या स्पोर्ट्स कारच्या किमान ५० गाड्या बनवण्याची अट २५ वर आल्यावर फर्डिनांड पीएच यांच्या नेतृत्वाखाली पोर्शेने या गाडीचे काम हाती घेतले. मार्च १९६९ मध्ये ती जिनिव्हाच्या प्रदर्शनात दाखवली गेली आणि एप्रिलमध्ये तपासणीसाठी २५ गाड्या कारखान्याच्या आवारात ओळीने उभ्या करण्यात आल्या. तेव्हा पट्टी लिहिताना आधी निवड करावी. १९६९ ची लांब शेपटीची, वेगात अस्थिर होणारी पहिली गाडी हवी, की १९७० ची आखूड शेपटीची, म्हणजे '९१७ के'? १९७१ ची, मार्टिनी या प्रायोजक मद्यकंपनीच्या पट्ट्यांची २२ क्रमांकाची विजेती हवी, की त्याच वर्षी धावलेली, कसायाच्या तक्त्यासारखे शरीराचे भाग आखलेली गुलाबी ९१७/२०? की त्याच मार्टिनी कंपनीच्या घराण्यातले काउंट रॉसी यांनी १९७५ मध्ये अलाबामाची नंबरप्लेट लावून चक्क रस्त्यावर आणलेली रुपेरी गाडी? यांतल्या प्रत्येकीची शेपटी, पंख, आरसे आणि चाके वेगळी असू शकतात, आणि किटच्या खोक्यावरचे चित्र या बाबतीत भरवशाचे नसते.

निवड झाली की छायाचित्रे जमवावीत. सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. छायाचित्रांचे दोन वेगळे फोल्डर करावेत : एकात फक्त त्या शर्यतीच्या दिवसांतली आणि दुसऱ्यात नंतरची, म्हणजे संग्रहालये, लिलाव आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांतली. दुसऱ्या फोल्डरमधल्या चित्रावरून गाडीची रचना जरूर समजून घ्यावी, पण तिचा रंग, डिकॅल किंवा बारीकसारीक जोडणी त्यावरून ठरवू नये. त्याचे कारण या गाडीच्याच इतिहासात आहे. १९७० मध्ये हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवूड यांनी पोर्शेला ल माँ येथे सर्व गटांत मिळून पहिला विजय मिळवून दिला, ती गाडी ९१७-०२३ या चासी (सांगाडा) क्रमांकाची होती. परंतु ९१७-००१, म्हणजे या मालिकेतली पहिली गाडी, आखूड शेपटी बसवून त्याच लाल-पांढऱ्या रंगात आणि २३ क्रमांकात रंगवली गेली आणि अनेक वर्षे त्याच वेषात लोकांसमोर मिरवली. २०१९ मध्ये, पन्नाशीच्या निमित्ताने, तिला पुन्हा तिचे मूळ रूप देण्यात आले. त्यामुळे '२३ क्रमांकाची ९१७' म्हणून समोर येणारे झकास, तीक्ष्ण, रंगीत छायाचित्र पुष्कळदा त्या गाडीचे नसतेच. शर्यतीच्या दिवशीची चित्रे धूसर आणि दाणेदार असतात, तरीही पुरावा म्हणून तीच मानावीत. डावी बाजू, उजवी बाजू, नाक, शेपटी आणि चालकाची जागा अशी किमान पाच अंगे त्या चित्रांत सापडली की शोध थांबवायला हरकत नाही. न सापडलेल्या अंगाची नोंद वहीत करून ठेवावी, म्हणजे तिथे आपण अंदाज केला आहे याचा आपल्यालाच विसर पडत नाही. गाडीत चालक उजव्या बाजूला बसतो आणि गिअरच्या दांड्याची मूठ वजन वाचवण्यासाठी बाल्सा लाकडाची केलेली होती, अशा गोष्टीही याच वहीत जाव्यात. ॲटवूड यांनी मोठ्या ४.९ लिटर इंजिनाऐवजी ४.५ लिटरचे इंजिन पसंत केले होते, ही नोंद मात्र केवळ समाधानासाठी. बाहेरून त्याचा पत्ता कोणाला लागणार नाही.

छायाचित्रांनंतर मोजमाप घ्यावे. किट १:२४ मापाचे, म्हणजे मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याचे, आहे असे इथे धरले आहे. ९१७ च्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर २,३०० मिलिमीटर होते. त्याला २४ ने भागले की ९५.८ मिलिमीटर येते. स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, न कापताच व्हर्नियर कॅलिपरने किटच्या तळभागावर हे अंतर तपासता येते, आणि अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर तो कुठे मुरवायचा याचा विचार आताच करता येतो. याच हिशेबाने जाडीकडेही पाहावे. किटच्या बॉडीची कड एक मिलिमीटर जाड असेल तर मूळ मापात ती २४ मिलिमीटरची होते, आणि कोणत्याही शर्यतीच्या गाडीचा फायबरग्लासचा पत्रा इतका जाड नसतो. म्हणून चाकांच्या कमानी आणि हवा आत घेणारी तोंडे यांच्या कडा आतून घासून पातळ करण्याचे काम यादीत धरावे. तेच रंगाचे : थर ०.१ मिलिमीटरचा झाला तर मूळ गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर रंग थापल्यासारखे होईल, आणि दारांच्या फटी बुजतील. त्या फटी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारण्यापूर्वीच पॅनेल लाइनच्या हत्याराने हलक्या हाताने खोल करून घ्याव्यात.

रंगाची तयारी हा स्वतंत्र विषय आहे. लाल-पांढऱ्या गाडीत पांढरा आधी आणि लाल नंतर, हा क्रम कधीही उलटू देऊ नये, कारण लाल रंगावर पांढरा झाकला जात नाही आणि कित्येक लाल रंग वरच्या थरात पाझरून त्याला गुलाबी छटा देतात. प्रायमर, त्यावर पांढरा, तो पुरता सुकल्यावर पांढऱ्या पट्ट्यांवर मास्किंग टेप आणि मग लाल, असा क्रम ठेवावा. टेपच्या कडेवर आधी पांढऱ्याचाच एक पुसटसा फवारा मारावा म्हणजे फट बंद होते आणि लाल आत शिरत नाही. किटमध्ये पांढरे पट्टे डिकॅलच्या रूपात दिलेले असतील, तर ते लाल रंगावर ठेवल्यावर खालचा लाल दिसतो का, हे एका टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्यावे; दिसत असेल तर मास्किंगचा कंटाळा करू नये. रंगाची छटा ठरवताना खोलीतला पिवळा दिवा बंद करून दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहावी. प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर दोन-तीन छटा मारून त्या शेजारी शेजारी ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, कारण चमच्याची पाठ गाडीच्या बॉनेटसारखीच वळलेली असते.

आपल्याकडे याला हवामानाची जोड द्यावी लागते. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत आणि कोकणपट्टीत लॅकर रंग मारणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे होय. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ तिथे धरते आणि चमकदार लाल रंगावर पांढुरके धुके उतरते. मी स्वतः एका जुलैत, दोन सरींच्या मधल्या उघडिपीवर विश्वास ठेवून क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मारला होता, आणि पुढचा आठवडा ती बॉडी रंग काढण्याच्या द्रावात भिजत पडली होती. म्हणून बॉडीचा रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवावा, आणि पावसाळ्यात इंजिन, चाके आणि आतली बैठक यांची लहानसहान कामे उरकावीत. थांबणे शक्यच नसेल तर सावकाश उडणारा थिनर वापरावा आणि कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा फिल्टर न चुकता बसवावा. रंगाचे स्प्रे कॅन ज्वलनशील असल्यामुळे हवाई टपालाने पाठवता येत नाहीत, म्हणून परदेशातून मागवण्याचा बेत सोडून देऊन गाड्यांचे रंग मिसळून देणाऱ्या जवळच्या दुकानातून हवी ती छटा करून घेणे सोयीचे पडते. मात्र तिथे मिळणारा हार्डनरचा क्लिअर कोट वापरायचा असेल, तर रासायनिक वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क, उघडी खिडकी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा या तिन्ही गोष्टी यादीत सर्वांत वर लिहाव्यात. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मास्क त्या वाफांपुढे काहीही कामाचा नाही, आणि घरात लहान मुले असतील तर हे काम घरात करूच नये.

डिकॅलची तपासणी मात्र दहा मिनिटांत होते. कागद पिवळा पडला असेल तर तो पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीला चिकटवून ठेवावा. पिवळेपणा बराच उतरतो. नको असलेला एखादा आकडा पाण्यात सोडून पाहावा. तो तुकडे होऊन सुटला तर संपूर्ण कागदावर क्लिअरचा एक थर देऊन घ्यावा. डिकॅलवर लॅकर क्लिअर एकदम ओला मारू नये, आधी दोन-तीन कोरडे, धुक्यासारखे फवारे द्यावेत.

किटमध्ये इंजिन असेल तर तारांची सोय आधीच करावी लागते. हान्स मेट्सगर यांचे हे हवेने थंड होणारे बारा सिलिंडरचे इंजिन वर आडव्या बसवलेल्या मोठ्या पंख्यामुळे लगेच ओळखू येते, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन असे एकूण २४ स्पार्क प्लग त्यात आहेत. मूळ तार सात-आठ मिलिमीटर जाडीची धरली तर १:२४ मापात ती सुमारे ०.३ मिलिमीटरची लागते. बंद पडलेल्या इअरफोनच्या किंवा जुन्या चार्जरच्या केबलमधून अशी तार फुकट मिळते. चोवीस तुकडे समान लांबीचे कापून आधीच वेगळ्या डबीत ठेवावेत, कारण जोडणीच्या ऐन भरात कापायला बसले की शेवटच्या चार तारा हमखास आखूड निघतात.

धुळीचा निर्णय लांबणीवर टाकण्याकडे कल असतो, पण तोही पट्टीबरोबरच घ्यायला हवा, कारण गाडी चकचकीत ठेवायची की मळवायची यावर क्लिअर कोट किती आणि कोणता हे अवलंबून असते. १९७० च्या त्या शर्यतीत इतका पाऊस झाला आणि इतक्या गाड्या बाद झाल्या की सुरुवातीच्या ५१ गाड्यांपैकी केवळ ७ गाड्यांना अधिकृत क्रमांक मिळाले. तेव्हा रविवारी चार वाजताची गाडी स्वच्छ दाखवणे म्हणजे पट्टीवरची वेळ खोटी ठरवणे होय. मात्र मळ हवा तिथे फासून चालत नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्ट्रियातल्या त्सेल्टवेग येथे जॉन वायर यांच्या संघाबरोबर ९१७ ची चाचणी चालू असताना अभियंता जॉन हॉर्समन यांच्या लक्षात आले की गाडीच्या पुढच्या भागावर चिलटांचा सडा पडला आहे, पण शेपटी जवळजवळ स्वच्छ आहे. याचा अर्थ हवा शेपटीला स्पर्शच करत नव्हती. तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपटी आखूड आणि उंच करण्यात आली, गाडी स्थिर झाली, आणि पुढे विजेती ठरलेली 'के' आवृत्ती त्यातून जन्मली. चिलटांनी जे दाखवले तेच वेदरिंग करताना, म्हणजे गाडीवर मळ आणि झीज दाखवताना, ध्यानात ठेवावे : नाकावर आणि काचेवर बारीक ठिपके, चाकांच्या मागे वर उडालेला चिखल, मागच्या पॅनेलवर काजळी, आणि ज्या पोकळीत हवा पोहोचत नाही तिथे फारसे काही नाही. त्यासाठी लागणारे तेलरंग, टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश एका डब्यात एकत्र ठेवावेत.

हत्यारांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. धारदार निपर, नवी पाती असलेली सुरी, चिमटा, ४०० पासून २,००० पर्यंतचे वॉटर पेपर, मास्किंग टेप आणि प्लास्टिकचा पातळ गोंद एवढ्यावर बहुतेक काम होते. काचा चिकटवायला मात्र सुपरग्लू कधीही घेऊ नये, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद उत्तम, तो सुकल्यावर दिसतही नाही. रंगवलेली बॉडी सुकेपर्यंत झाकायला घट्ट झाकणाचा, आत मावेल असा मोठा डबा घरातूनच मिळवावा, मात्र तो स्वयंपाकघरातून घेतला तर परत द्यायचा नाही हे आधी सांगून ठेवावे.

हे सगळे जमले की कॅलेंडर समोर घेऊन रंगाचे दिवस, सुकण्याचे दिवस आणि पॉलिशचा दिवस यांवर खुणा कराव्यात. क्लिअर कोट आणि पॉलिश यांच्यात किमान एक आठवडा रिकामा सोडावा. मग सुटे भाग स्प्रूवरच ठेवून, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घातलेल्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवावेत, म्हणजे साच्यातून आलेला तेलकटपणा जातो आणि प्रायमर धरतो. धुताना मोरीच्या तोंडावर गाळणी ठेवावी, कारण आरशासारखा इवलासा भाग तुटून वाहून गेला तर तो पुन्हा मिळत नाही. धुतलेले स्प्रू जुन्या पंचावर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवावेत आणि सकाळी पहिला भाग कापायला घ्यावा.