काल सहकारी, आज समन्वयक: संस्थेतली टीम कशी सांभाळावी

सामाजिक संस्थेत बढती बहुतेक वेळा अशीच मिळते. गावातलं काम चांगलं दिसलं की एक दिवस सर बोलावतात आणि म्हणतात, "पुढच्या महिन्यापासून तालुक्याचं तू बघ." प्रशिक्षण नाही, पगारात फार फरक नाही, आणि कालपर्यंत ज्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली ते आठ जण आता तुमच्या हाताखाली. माझंही असंच झालं. पहिली दोन वर्षं मी बऱ्याच चुका केल्या. खालचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

१. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाबरोबर एक दिवस फिरा

ऑफिसात बोलावून 'तुमच्या अडचणी सांगा' म्हटलं की सगळे "काही नाही, चाललंय" म्हणतात. त्यापेक्षा त्यांच्या मागच्या सीटवर बसा, नाहीतर एसटीने सोबत जा. वही काढू नका. शेवटच्या वस्तीवर पोचायला किती वेळ लागतो, गाडीत पेट्रोल कोणाच्या पैशाने पडतं, अंगणवाडीताई दारात उभं करतात की आत बोलावतात, हे सगळं न विचारता दिसतं. परतीच्या चहाला दोनच प्रश्न विचारा: कामातलं काय आवडतं, आणि कशाचा वैताग येतो? दुसऱ्याचं उत्तर नीट लक्षात ठेवा.

२. नातं बदललंय, हे एकदा तोंडाने म्हणा

जुना मित्र 'अरे-तुरे' करत असेल तर करू द्या. एकदम 'सर' म्हणवून घ्यायला लागलात तर मागे हसतील. पण वयाने मोठ्या ताईंशी बोलताना आदर तसूभरही कमी होता कामा नये. सगळ्यांना एकत्र बसवून सरळ सांगा: "मैत्री आहे तशीच राहील. पण रजा, प्रवासखर्च आणि कामाचा आढावा यात सगळ्यांना एकच नियम." मग पहिला नियम आपल्या सर्वांत जवळच्या मित्राला लावा. बाकीचे तेच बघत असतात.

३. पैशाचं बोलणं टाळू नका

आपल्याकडे 'हे सेवेचं काम आहे' या वाक्याखाली बरंच काही झाकलं जातं. तीन-तीन महिने अडकलेली प्रवासाची बिलं त्यातच येतात. फील्डवरच्या माणसाने दीड-दोन हजार खिशातून घातले, तर घरी किराण्याला ओढ लागते. व्हाउचर सादर करायची तारीख आणि पैसे मिळायची तारीख, दोन्ही ठरवून भिंतीवर लावा. अकाउंट्सशी भांडायचं असेल तर ते तुम्ही भांडा, कार्यकर्त्याला चकरा मारायला लावू नका.

पगारवाढीचा शब्द मात्र कधीच देऊ नका. विदेशी निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या कायदादुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि देशातले देणगीदारही पगाराच्या रकान्यावर बोट ठेवतात. प्रकल्प ३१ मार्चला संपणार असेल आणि पुढचं पत्र आलं नसेल, तर हे जानेवारीतच सांगा. "बघू, होईल काहीतरी" ऐकून माणूस दुसरी नोकरी शोधत नाही, आणि एप्रिलमध्ये घरी बसतो.

४. चूक एकट्यात, आणि नेमक्या शब्दांत दाखवा

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली. एका कार्यकर्तीच्या दैनंदिनीत अडीच महिने रोज 'गृहभेटी १२' असंच लिहिलेलं. मासिक बैठकीत सगळ्यांसमोर मी म्हणालो, "ताई, तुमच्या गावात पाऊसही पडत नाही वाटतं!" सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. पुढच्या तीन बैठकांत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर कळलं, पुलावरून पाणी गेल्यामुळे एसटी बंद होती. त्या फोनवरून चौकशी करत होत्या आणि फॉर्मवर 'फोन' असा रकानाच नव्हता.

आज मी असं विचारेन: "ताई, जुलैपासून रोज १२ भेटी दिसतायत, पावसातही. हे कसं जमतंय ते मला समजून घ्यायचंय." एवढं म्हणून गप्प बसायचं. हे गप्प बसणं अवघड जातं, हात शिवशिवतात, पण समोरचा माणूस बोलायला लागतो तो तेव्हाच. खोटी नोंद खरंच निघाली तर ती तशीच सोडायची नाही. काय दुरुस्त करायचं आणि कधीपर्यंत, हे दोघांनी मिळून लिहून काढायचं.

५. मासिक बैठक वाचनातून सोडवा

प्रत्येकाने उभं राहून आकडे वाचायचे आणि बाकीच्यांनी मोबाइल बघायचा, अशा बैठकीत अर्धा दिवस जातो. आकडे आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागवा. बैठकीत दोनच अडलेली प्रकरणं घ्या, आणि ज्यांची आहेत त्यांनाच मांडायला सांगा. लांबून येणाऱ्याची शेवटची गाडी कितीची आहे ते बघून बैठक संपवा.

६. तक्रारीची जागा आहे ना, तपासा

संस्थेत दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि बाहेरची एक व्यक्ती. कायद्यात विनामानधन काम करणारेही येतात, म्हणजे तुमच्या स्वयंसेवक मुलीही. समितीतल्या बाईंचा फोन नंबर टीमला माहीत आहे का? त्यांनाच विचारा. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हेही सांगून ठेवा.

७. आपलं जुनं गाव सोडा

हे सगळ्यात जड जातं. जिथे तुम्ही सहा वर्षं बचत गट उभे केले, तिथल्या अध्यक्ष ताईंचा फोन येणारच: "नवीन पोरगी आलीये, तिला काही कळत नाही, तुम्हीच या." जावंसं वाटेल. एकदा नव्या कार्यकर्तीला घेऊन जा, ओळख करून द्या, आणि गटासमोर बोलायला तिलाच पुढे करा. तुम्ही मागे सतरंजीवर बसा. पुढचा फोन आला की चौकशी करा, नातवाचं विचारा, आणि तिचा नंबर परत एकदा द्या.