जुन्या प्रयोगशाळेची पाहणी करताय? या चुका टाळा

पाहणी मे महिन्यात उरकून टाकणं ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. तेव्हा भिंती ठणठणीत कोरड्या असतात. जुलैत त्याच भिंतींवर ओल चढते आणि रंगाचे पोपडे सुटतात. निदान एक फेरी भर पावसात माराच. आणि पाहणीआधी रंगकाम तर अजिबात नको. पाहुणे येणार म्हणून भेगा लिंपलेल्या इमारती मी पाहिल्यात. मग भेग जुनी की नवी, हे सांगणार कसं?

प्रयोगशाळेकडे राहत्या इमारतीच्या नजरेनं बघू नका. साठच्या दशकातल्या एका रसायनशास्त्र विभागात तळमजल्यावरच्या स्टोअररूमच्या छताचा गिलावा दोनदा पडला, दोनदा नवा केला. सगळ्यांचा संशय पावसावर. शेवटी तिथले जुने प्लंबरकाका म्हणाले, "साहेब, वरच्या बेसिनचं पाणी बाहेर येतंच कुठंय?" पाइप स्टोनवेअरचा, म्हणजे भाजलेल्या चकचकीत मातीचा होता. त्याला ॲसिडनं काही होत नाही, पण सांधे सिमेंटनं भरलेले, ते ॲसिडनं खाल्ले होते. पाणी वर्षानुवर्षं स्लॅबमध्येच मुरत होतं. सळईची जाडी निम्म्यावर आली होती.

नुसता रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळीवरून कडकपणा मोजणारं यंत्र) मारून 'काँक्रीट उत्तम' असा शेरा देऊ नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे आकडा फुगून येतो. जोडीला अल्ट्रासोनिक चाचणी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून) करा, काही ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना काढा आणि ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं द्रावण फवारा. गुलाबी झाला तर सळईला गंजापासून वाचवणारी तिथली अल्कता शाबूत आहे. रंग न येणारा पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर तिचं संरक्षण गेलंच. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

'पंखा फिरतोय म्हणजे फ्यूम हूड (घातक वाफा ओढून घेणारं कपाट) चालू आहे' हा आणखी एक गोड गैरसमज. हूडच्या तोंडाशी हवेचा वेग मोजा; साधारण सेकंदाला अर्धा मीटर हवा. डक्टला हात लावण्याआधी मात्र तिथं काय काय वापरलं जायचं ते विचारा. परक्लोरिक ॲसिडच्या वाफांचे क्षार डक्टमध्ये साचून सुकले असतील, तर हातोड्याच्या एका ठोक्यानंही स्फोट होऊ शकतो. सोडियम अझाइड बेसिनमध्ये ओतत असतील, तर तांब्या-शिशाच्या पाइपांबाबतही तीच भीती. वेल्डर नंतर बोलवा, निवृत्त लॅब असिस्टंटना आधी.

गच्ची गळतेय म्हणून जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) नवा कोबा टाकू नका. गळती थांबेलच असं नाही, वजन मात्र नक्की वाढेल.

दुरुस्तीच्या खर्चाला नव्या बांधकामाच्या खर्चानं भागून जो निर्देशांक काढतात, तो ५ टक्क्यांच्या आत असला तर इमारत चांगली समजतात, १० च्या वर गेला तर वाईट. पण पूर्ण कॅम्पसची सरासरी काढलीत तर नवं वाचनालय जुन्या रसायनशास्त्र विभागाला झाकून टाकतं. प्रत्येक इमारतीचा आकडा वेगळा मांडा.

अहवालात 'खोली बंद होती' असं लिहून मोकळे होऊ नका. बंद खोलीत बहुधा मुदत संपलेल्या बाटल्या, फुटका नळ, नाहीतर पाऱ्यानं भरलेला ट्रॅप (बेसिनखालचा वाकडा पाइप) असतो. किल्ली मिळेपर्यंत सही करू नका.