रोड बाइकची फ्रेम साइज कशी ठरवायची

रोड बाइक घेताय ना, मग रंग, गिअर, चाकं सगळं नंतर, आधी साइज बघा. गिअर पुढे बदलता येतात, सीट वरखाली होते, फ्रेमची लांबी मात्र आहे तीच राहते. माझी उंची 170 सेंमी, दुकानात डिस्काउंटमध्ये 56 सेंमीची फ्रेम उरलेली, "सीट खाली करून देतो, बसेल तुम्हाला" म्हणाले आणि मी घेतली. सीट झाली खाली, पण हँडल लांब ते लांबच. 40-50 किमी झाले की मान आखडायची, तळहात बधिर व्हायचे, आणि वर्षभर मला वाटत होतं की आपलाच स्टॅमिना कमी आहे.

तर आधी पाय मोजा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांत वीतभर अंतर, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये आडवं धरून वर दाबायचं, सीटवर बसल्यावर दाब येतो तेवढं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा, स्वतः वाकलात की माप चुकतं. पँटचं माप चालणार नाही, ते कमीच भरतं. दोन-तीनदा मोजा.

आता आलेल्या आकड्याला 0.67 ने गुणा, की फ्रेमची साइज, म्हणजे सीटखालच्या उभ्या दांड्याची लांबी, सेंमीमध्ये निघते. माझे 78 सेंमी, म्हणजे 52 च्या आसपास, आणि मी 56 चालवत होतो! त्याच आकड्याला 0.883 ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस फ्रेममध्ये जिथे बसतो तो भाग) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची निघते, माझी जवळपास 69 सेंमी. दोन्ही आकडे फक्त सुरुवातीला धरायचे, पुढे चालवून थोडं इकडेतिकडे करावं लागतंच.

पण एक आहे, हा 0.67 वाला हिशोब जुन्या, आडवा दांडा सरळ असलेल्या फ्रेमचा. आता बहुतेक दांडे मागे उतरते असतात त्यामुळे एका कंपनीची 52 आणि दुसरीची 52 सारखी नसते, एस-एम-एल चं तर विचारूच नका. म्हणून कंपनीच्या साइटवर जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा तक्ता उघडा आणि दोन आकडे बघा, स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबचं (हँडलखालची फ्रेमची आखूड नळी) वरचं टोक किती उंच आहे तो स्टॅक, किती पुढे आहे तो रीच. मित्राची एखादी बाइक तुम्हाला छान बसत असेल तर तिचे हे दोन आकडे लिहून घ्या आणि नव्या बाइकशी ताडून बघा, माझ्या मते याहून खात्रीचा उपाय नाही.

दोन साइजच्या मध्ये अडकलात तर? हात लांब असतील, वाकून चालवायला आवडत असेल तर लहान फ्रेमला लांब स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावता येतो. कंबर कडक असेल किंवा 200 किमीच्या ब्रेव्हे, म्हणजे ठराविक वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड, करायच्या असतील तर जास्त स्टॅकची एंड्युरन्स फ्रेम, म्हणजे लांब पल्ल्याला कमी वाकून बसायची फ्रेम बघा. स्टेम 10-20 मिमीने लहानमोठा करणं ठीक, त्याहून जास्त लागत असेल तर फ्रेमच चुकलीये असं समजा.

ट्रायल घेताना दुकानासमोर एक चक्कर मारून थांबू नका, सीट नीट लावून घ्या, हात हुड्सवर (ब्रेक लिव्हरवरचे रबरी भाग) ठेवा आणि वीस मिनिटं तरी चालवा. कोपर किंचित वाकलेलं हवं, खांदे कानाकडे चढायला नकोत. बुटकी मंडळी असतील त्यांनी हँडल पूर्ण वळवून पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो का तेही बघा, छोट्या फ्रेममध्ये हे होतं आणि हळू वळताना पडायला होतं.