लिनक्सवर पेनड्राइव्ह आपोआप माउंट आणि अनमाउंट कसा करावा

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या घरी आत्याच्या गाण्याच्या तालमीच्या जुन्या कॅसेट आहेत. त्या लॅपटॉपवर उतरवायचं काम मी हाती घेतलं. ९० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने वेव्ह फाइलीत उतरवली की साडेनऊशे एमबीच्या घरात जाते. पहिली फाइल पेनड्राइव्हवर टाकली, कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली आणि आत्याने लगेच पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी शिष्येच्या घरी लावला तर विलंबित नीट वाजलं, द्रुत सुरू होताच आवाज बंद. मूळ फाइल लॅपटॉपवर होती म्हणून गाणं वाचलं.

हे का होतं ते आधी समजून घ्या. लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतो आणि मग सवडीने पेनड्राइव्हवर लिहितो. नेहमीच्या सेटिंगमध्ये असा डेटा ३० सेकंदांपर्यंत रॅममध्ये पडून राहू शकतो, आणि पेनड्राइव्ह संथ असेल तर प्रत्यक्ष लिहायला आणखी वेळ जातो. पट्टी भरली तरी दिवा लुकलुकत असतो तो यामुळेच. माउंट म्हणजे पेनड्राइव्ह लिनक्सला जोडून त्यातल्या फाइली उघडता येतील असं करणं, आणि अनमाउंट म्हणजे ती जोडणी सोडणं. अनमाउंट केलं की उरलेलं सगळं लिहून मगच दार बंद होतं.

आपोआप माउंट होणं सोपं आहे. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात ते मुळातच चालू असतं. एक्सएफसीई हा डेस्कटॉप वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये ‘रिमूव्हेबल ड्राइव्हज अँड मीडिया’ उघडा आणि पहिल्याच पानावरच्या माउंटच्या दोन्ही चौकटींवर खूण करा. तेवढं पुरे.

खरं काम अनमाउंटचं. घरात विचारल्याशिवाय पेनड्राइव्ह ओढणारं कुणी असेल, तर नेहमीच्या पेनड्राइव्हसाठी पुढची सोय जरूर करा. (टाइप करायचं ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत, आकडेही इंग्रजी.)

१. पेनड्राइव्ह लावा, ‘डिस्क्स’ हे ॲप उघडा, डावीकडे तो निवडा. लॅपटॉपची मूळ डिस्क तर निवडली नाही ना, हे आकारावरून दोनदा पाहा.

२. दातेरी चाकाच्या मेनूतून ‘एडिट माउंट ऑप्शन्स’ घ्या आणि वरचं ‘यूझर सेशन डिफॉल्ट्स’ बंद करा.

३. ‘आयडेंटिफाय ॲज’मध्ये यूयूआयडीचा (ओळख क्रमांकाचा) पर्याय निवडा, म्हणजे कुठल्याही पोर्टला लावला तरी हाच पेनड्राइव्ह ओळखला जाईल. माउंट पॉइंट, म्हणजे पेनड्राइव्हच्या फाइली ज्या फोल्डरमध्ये दिसतील तो, सोपा ठेवा. मी ‘/एमएनटी/गाणे’ ठेवला.

४. पर्यायांच्या ओळीत आधीपासून ‘नोफेल’ असेल, तो काढू नका. तो नसेल तर पेनड्राइव्ह न लावता लॅपटॉप सुरू केल्यावर दीड मिनिट वाट पाहून लिनक्स आणीबाणीच्या काळ्या स्क्रीनवर अडकतो. ओळीच्या शेवटी स्वल्पविराम देऊन, मध्ये जागा न सोडता जोडा: ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टिमडी.आयडल-टाइमआउट=६०’ (x-systemd.automount,x-systemd.idle-timeout=60). पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट फॉरमॅटचा असेल तर ‘,यूआयडी=१०००’ हेही जोडा. नाहीतर फाइली रूटच्या (व्यवस्थापक खात्याच्या) मालकीच्या दिसतात आणि तुम्हाला लिहिता येत नाही. लॅपटॉपवर पहिलं खातं तुमचंच असेल तर क्रमांक सहसा १००० असतो.

५. बदल सेव्ह करा आणि लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा.

आता तो फोल्डर उघडला की पेनड्राइव्ह माउंट होतो आणि साधारण एक मिनिट कुणी हात लावला नाही की सगळं लिहून आपसूक अनमाउंट होतो. मात्र त्यातली फाइल वाजत असेल किंवा टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) त्याच फोल्डरमध्ये उघडं असेल, तर तो मोकळा होत नाही. आत्याला मी एवढंच सांगितलंय की फाइल बंद कर, चहाचं आधण ठेव, आणि दिवा लुकलुकायचा थांबला असेल तरच काढ.

पाहुण्यांच्या पेनड्राइव्हला ही सोय लागू नाही. तिथे फाइल मॅनेजरमध्ये नावाशेजारचा इजेक्टचा बाण दाबायचा आणि काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबायचं.